पाडवा तोंडावर, सात खंडकरी आणि मधे मी

बिनपगारी_दिवाणजी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची वडिलोपार्जित जमीन सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात, वसनेच्या काठाला. सगळी मिळून ४६ एकर, पाच चुलत भावंडांच्या नावावर वेगवेगळे सातबारे. (सीलिंगवाले येतीलच म्हणून आधीच सांगतो, वाटण्या आजोबांनीच करून ठेवल्यात, एकाच्याही नावावर मर्यादेच्या वर नाही.) पाचातले दोघं पुण्यात, एक ठाण्यात, एक न्यू जर्सीत, आणि पाचवा मी. बँकेतून रिटायर होऊन साताऱ्यात बसलेला, म्हणजे सगळ्यांच्या हिशोबाने रिकामटेकडा. त्यामुळे सगळ्यांनी कुलमुखत्यारपत्र करून माझ्या गळ्यात घातलं. खंड (म्हणजे रानाचं भाडं) ठरवणे, गोळा करणे, पाचांत वाटणे, तलाठी, सोसायटी, बांधाची भांडणं ही सगळी माझी कामं. पगार शून्य, वर पुतण्या एक्सेल शीट मागतो.

जमीन सात जण खंडाने करतात. खालच्या पाणथळ अंगाला तिघांचा ऊस, मधल्या पट्ट्यात दोघं आलं-हळद करतात, आणि वरच्या माळाला दोघं घेवडा आणि ज्वारी. आजवर सगळा व्यवहार तोंडी. पाडव्याला निम्मा खंड, दिवाळीला निम्मा, एका वहीत माझ्या हातची नोंद आणि त्याखाली त्यांची सही नाहीतर अंगठा, एवढंच. उसाच्या रानाला एकरी ३० हजार, माळाला ८ हजार, चार वर्षं दर बदललेला नाही.

आता पुतण्याने (पुणे, आयटी) काढलंय की आपण लुटले जातोय. त्याचं म्हणणं असं, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार मिळतात, दरवर्षी ३ टक्के वाढ, म्हणजे एकरी ५० हजार, ना कुणाशी बोलायचं ना कुणाच्या मागे लागायचं. मग शेतकऱ्याकडून ३० का घ्यायचे? सगळ्यांना ५० सांग, नाही म्हणाले तर पॅनेल बसवू. त्यातच शेजारच्या गावच्या एका आलं बागायतदाराने उसाच्या नऊ एकराला एकरी ६५ हजार रोख सांगितलेत, ही बातमी कुणीतरी पुतण्यापर्यंत पोचवली.

ते नऊ एकर अण्णांकडे आहेत. अण्णा म्हणजे आमचे सगळ्यात जुने खंडकरी, आधी त्यांचे वडील करत होते, आता ते आणि त्यांचा मुलगा. मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. गेलो म्हणजे चहा झाला, म्हशीचं दूध किती, मुलाच्या लग्नाचं कुठवर आलं, सगळं झालं, दर काढायला माझी जीभ रेटेना. शेवटी मीच म्हणलं, अण्णा, भावंडं पन्नास म्हणतायत. अण्णा काहीच बोलले नाहीत. आत गेले आणि एक खताच्या कंपनीची पिशवी घेऊन आले, तिला रबर लावलेलं. त्यात बिलं. ठिबकच्या नळ्या, फिल्टर, व्हॉल्व्ह, चार इंची पाईप. काही बिलांवरची शाई उडून कागद कोरा झालाय, पण ते बरोब्बर सांगतात हे कशाचं ते. नदीपासून रानापर्यंत ३२०० फूट पाईपलाईन त्यांनी २०१४ ला स्वतःच्या पैशाने केली, मधे सहा जणांचे बांध लागतात, त्या सहा जणांना कसं राजी केलं तर दोन नारळ आणि एक जेवण. आमच्यातल्या कुणी त्यात रुपया घातला नाही, मला तर पाईपलाईन झाल्यावर कळलं.

मग म्हणाले, "खंड वाढवा की, मालकच हाय तुमी. फकस्त कशाचा वाढीवताय तेवढं सांगा. रानाचा का पान्याचा? रान तुमचं हाय. पानी माझं हाय."

मला उत्तर देता आलं नाही. कारण ती पाईपलाईन नसती तर ते रान माळासारखंच आठ हजाराचं आहे.

वर त्यांनी हिशोब मांडला, बँकेत आयुष्य गेलं माझं, चूक काढता येईना. एकरी ५० टन ऊस, ३१०० चा दर धरला तर १ लाख ५५ हजार. मशागत, बेणं, खतं, भांगलण, ठिबकची दुरुस्ती मिळून ८० हजार. ऊस पंधरा महिने रानात, म्हणजे खंड साडेसदतीस हजार. उरले साडेसदतीस. "तुमाला जेवडं तेवडंच मला, आन मी चिखलात." आणि पन्नासने खंड धरला तर त्यांच्या हातात पंधरा महिन्यांनी एकरी साडेबारा हजार.

तर मंडळी प्रश्न असे. दर काय धरावा? पाईपलाईन-ठिबकचं काय करावं? लेखी करार करावा का, भावंडं घाबरतात की कूळ लागेल, म्हणजे खंडकरी कायद्याने रानावर हक्क सांगेल. आणि माळाचं सोलरला द्यावं का? पाडव्याच्या आत सगळ्यांना निरोप द्यायचाय.

---

कट्ट्यावरचा_बाळू

रुमाल टाकून ठेवतो. विषय जिव्हाळ्याचा.

---

फेरफार_रद्द

दिवाणजी, वकील नाही पण वीस वर्षं वकिलांच्या हाताखाली टायपिंग केलंय, त्या जोरावर लिहितो, शेवटी तुमच्या वकिलाला विचाराच.

पहिलं, करार ११ महिन्याचा केला की कूळ लागत नाही, हे खूळ असेल तर डोक्यातून काढा. ते घरभाड्याचं आहे, शेतीला लोक उगाच चिकटवतात. १९४८ च्या कुळ कायद्यात कलम ४ आहे, त्यात सरळ आहे की दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस जर मालकाच्या घरचा नसेल, पगारी नोकर नसेल आणि कबजेगहाणवाला (जमीन ताब्यासकट गहाण घेतलेला) नसेल, तर तो कूळ मानला जातो. करार ११ महिन्याचा, ९ महिन्याचा की तोंडी, याने काय फरक पडतो? १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी जे कूळ होते ते मालक झाले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यानंतरच्या कुळासाठी कलम ३२ओ आहे हे कुणी सांगत नाही, त्यात नवीन कुळालाही एक वर्षाच्या आत खरेदीचा हक्क सांगता येतो.

आता गंमत बघा. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये खंडाची कमाल मर्यादा आहे, आकाराच्या (म्हणजे शेतसाऱ्याच्या) पाचपट किंवा एकरी २० रुपये, यातलं जे कमी असेल ते. होय, वीस रुपये, हजार नाही. तुमच्या सातबाऱ्यावर आकार बघा, एकराला दोन-चार रुपये पडत असेल. म्हणजे पुतण्याचे पन्नास हजार जाऊ द्या, तुमचे तीस हजारही पुस्तकात बसत नाहीत. म्हणून तर सगळा महाराष्ट्र तोंडी खंडावर चाललाय, मालकाला लेखी नको कारण कूळ लागेल, आणि कुळाला लेखी मागायची सोय नाही कारण मागितलं की रान गेलं.

एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो, नाहीतर कोर्टात त्याला अर्थ नाही. लोक ५०० च्या स्टँपवर नोटरी करून वर "मजुरीने कसण्याचा करार" असं शीर्षक देतात. शीर्षकाने काही होत नाही, कोर्ट बघतं प्रत्यक्षात काय चाललं होतं.

---

ठोक्याचा_गडी

लातूरकडचा हाय. आमच्याकडं खंड म्हणत न्हाईत, ठोका म्हणतेत. मी सव्वीस एकर ठोक्यानं करतो, माझी सोताची दोन एकर. पाडव्याला सगळी रक्कम रोख आधी द्यायची, मग रानात पाऊल. तुमचे अण्णा नशीबवान हायत, निम्मे दिवाळीला द्यायचे म्हनल्यावर.

दुसरं सांगतो जे तुमच्या यादीत न्हाई. अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, पंचनामा झाला, रानात फोटो माझा, पैसे मालकाच्या खात्यावर. मालक पुण्याला. फोन केला तर म्हनले बघू. पीक विम्याला रजिस्टर भाडेकरार लागतोय कुळाला, तो कुठला मिळायला. पीएम किसानचे सहा आन नमोचे सहा तेबी त्यांनाच. खत बियाणं मजुरी माझी, नुकसान माझं, भरपाई त्यांची. एवढं एक लिहून घ्या दिवाणजी तुमच्या वहीत, की सरकारची नुकसानभरपाई आली तर कसनाऱ्याची. दर दोन हजार जास्त घ्या मग.

---

बिनपगारी_दिवाणजी

@ठोक्याचा_गडी, वाचून लाज वाटली कारण आमच्याकडे हेच झालंय. माळाच्या घेवड्याचं अनुदान न्यू जर्सीच्या भावाच्या नावावर मंजूर, आणि आधारची केवायसी अंगठ्याशिवाय होत नाही, अंगठा अमेरिकेत. दीड वर्ष ते पैसे अडकलेत. ई-पीक पाहणी मात्र घेवडेवालाच करतो, दरवर्षी स्वतःच्या मोबाईलवर भावाच्या नावाने, इमानेइतबारे.

@फेरफार_रद्द, वीस रुपयाचं वाचून सातबारा काढून बघितला. आमच्या माळाचा आकार तुम्ही म्हणता त्याच्याही खाली आहे. पुतण्याला पाठवलं, त्याने हसण्याची इमोजी टाकली.

---

आल्यावाला_पाटील

मी आलंच करतो, म्हणून त्या ६५ हजारवाल्याबद्दल सांगतो, जातभाई आहे माझा पण खरं बोलावं लागेल.

आलं एकदा घेतलेल्या रानात लगेच परत घेता येत नाही, कंदकूज येते, म्हणून आम्हाला सतत नवीन रान लागतं, आणि म्हणून आम्ही उसवाल्यापेक्षा दुप्पट दर देतो. तो काही तुमच्यावर प्रेम करत नाही, त्याला अण्णांनी शेणखत घालून घालून केलेलं ताजं रान आणि आयतं पाणी पाहिजे. एकच पीक घेणार आणि पुढच्या गावाला जाणार.

दुसरं, मुदतीचं बघा. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावलं की पुढच्या वर्षी निघायला पाहिजे, पण भाव नसला की आम्ही आलं काढतच नाही, रानातच राखतो. आलं गाडीवर विकतं, ५०० किलोची एक गाडी, आणि गाडीला भाव पडला की कोण काढणार? मग बारा महिन्याचे अठरा होतात आणि मालक रोज फोन करतो. तेव्हा द्यायचंच असेल तर तारीख टाका, तारखेनंतर महिन्याला एकरी इतकं असं लिहा. आणि पुढची दोन वर्षं ऊस लावणाऱ्याला विचारा ते रान किती खत मागतं.

---

बाजारभाव

सगळे एवढे हळवे का झालेत कळत नाही. जमीन ही मालमत्ता आहे. पुण्यात फ्लॅटचं भाडं दरवर्षी पाच-दहा टक्के वाढतं तेव्हा भाडेकरूने पंखे लावले म्हणून कुणी भाडं कमी करत नाही. अण्णांनी पाईपलाईन केली ती स्वतःच्या फायद्यासाठी, अकरा वर्षं त्यावर ऊस काढला, पैसे कधीच वसूल झाले. दिवाणजी, तुम्ही पाच मालकांचे मुखत्यार आहात, अण्णांचे नाही. ६५ येत असताना ३० घेऊन तुम्ही बाकी चार जणांचं नुकसान करताय, हे चौघांना पटतंय का हे आधी विचारा.

---

खंडकऱ्याचं_पोर

@बाजारभाव भाऊ, फ्लॅटमधला पंखा काढून नेता येतो. ३२०० फूट पाईप सहा जणांच्या बांधाखालून उकरून कसा न्यायचा तेवढं सांगा.

माझ्या वडिलांनी अशाच एका रानात विहीर पाडली होती, मालकाच्या तोंडी शब्दावर. पाणी लागलं त्या वर्षी खंड दुप्पट झाला, तिसऱ्या वर्षी रान दुसऱ्याला. विहीर अजून आहे. आम्ही रस्त्याने जाताना वडील तिकडे बघत नाहीत.

---

माहेरचा_बांध

सगळे मालक म्हणजे पुणे-अमेरिका असं धरून चाललंय म्हणून लिहिते. माझी आई ७४ वर्षांची, गावात एकटी, वडील गेल्यावर चार एकर खंडाने दिली. तो खंड म्हणजे तिची पेन्शन. खंडकरी दरवर्षी निम्मा देतो आणि उरलेल्याला "काकू, औंदा काय राहिलं नाय हो" म्हणतो, आणि दारातल्या नव्या ट्रॅक्टरवर बसून जातो. आई एकटी बाई, बोलणार काय? दुसऱ्याला द्यायचं म्हटलं तर गावातला दुसरा कुणी त्याच्या रानात यायला तयार नाही, भावकी एक आहे त्यांची. शेवटी मी जाऊन तलाठ्याकडे बसले, सातबाऱ्याच्या इतर हक्कात काही लागलंय का बघितलं, तेव्हा कुठे झोप लागली.

अण्णांसारखे असतात, मान्य. पण दिवाणजी, लेखी कराच. चांगल्या माणसाशी लेखी करायलाच सोपं जातं.

---

लिफी_काठची

मी डब्लिनला असते, अवांतर वाटेल पण तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

आपण मराठीत बिनदिक्कत वापरतो तो बॉयकॉट शब्द हे एका बिनपगारी नाही पण पगारी दिवाणजीचं आडनाव आहे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, इथल्या आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या इस्टेटीचा एजंट. १८८० ला पीक वाईट, कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालकाने १० टक्के देऊ केली, आणि बॉयकॉट कुळांना काढायच्या नोटिसा घेऊन निघाला. कुणी त्याला मारलं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं बंद केलं. मजूर रानात येईनात, दुकानदार सामान देईना, टपाल येईना. शेवटी उत्तरेकडून ५० माणसं आणून त्याचं पीक काढलं, त्यांच्या संरक्षणाला हजारभर शिपाई. पाचशे पौंडाचं पीक काढायला दहा हजार पौंड गेले म्हणतात. वर्ष संपायच्या आत तो देश सोडून गेला.

पण मला सांगायचं होतं ते पुढचं. इथला मूळ झगडा दराचा कमी आणि तुमच्या अण्णांच्या पिशवीचाच जास्त होता. कुळाने चर खणले, कुंपण घातलं, दगड वेचून रान केलं की एजंट येऊन म्हणणार रान सुधारलं, खंड वाढव. मग सुधारणाच करायची कशाला, असं झालं होतं. म्हणून १८७० च्या कायद्यात कुळाने केलेल्या सुधारणेची भरपाई आली, आणि १८८१ ला आणखी तीन गोष्टी, वाजवी खंड, खंड भरतोय तोवर काढायचं नाही, आणि जाताना आपला हक्क दुसऱ्याला विकायची मुभा. तुम्ही पाईपलाईनचं काय म्हणून विचारलंत त्याचं दीडशे वर्षांपूर्वीचं उत्तर हे.

---

रेवदंड्याचा

डब्लिनला कशाला जायचं, आमच्या अलिबागेत या. चरी गाव. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी ठरवलं की खोताची जमीन नांगरायचीच नाही, आणि पुढची सहा वर्षं नांगरली नाही. सहा पावसाळे! जंगलातली लाकडं तोडून विकली, मासळीवर दिवस काढले. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती बंद करायचं विधेयक आणलं त्यामागे हेच होतं.

आजी सांगायची, खंडाचं भात मोजायला खोताचा कारभारी स्वतःचं माप घेऊन यायचा आणि मापावर शीग (काठाच्या वरचा ढीग) लावून घ्यायचा. वरची शीग कुठल्या वहीत लिहिलेली नसायची. दिवाणजी, तुमच्या वहीत शीग नाही ना तेवढं बघा :)

---

फेरफार_रद्द

@रेवदंड्याचा, क्या बात. शीग म्हणजे पुतण्याचे वीस हजार.

दिवाणजी, व्यवहाराचं बोलू. उसाला एक लावण आणि दोन पिकं खोडव्याची (तोडलेल्या बुडख्यातून परत फुटलेल्या उसाची) धरली तर चार वर्षं मुदत पाहिजे, त्याच्या आत मधेच रान काढून घेणं म्हणजे उभं पीक मोडणं. रजिस्टर करणार असाल तर चार वर्षांचा करा, नाहीतर प्रत्येकाशी वेगळी यादी करा, दोन साक्षीदार घ्या, त्यात किमान हे पाहिजे: पाईप-ठिबक कुणाचं, कारखान्याला नोंद कुणाच्या नावावर आणि बिल कुणाच्या खात्यावर, शेवटच्या वर्षी पाचट जाळायचं नाही, बांध कोरायचा नाही. शेवटच्या वर्षी लोक खत घालत नाहीत, ते कसं लिहायचं मला अजून जमलेलं नाही.

---

पॅनेलखालची_सावली

आमच्या भावकीने सोलरला दिलंय म्हणून दोन शब्द. पैसे खरे आहेत, दर खरा आहे. पण (१) जमीन सबस्टेशनच्या जवळ पाहिजे, तुमचा पुतण्या ४६ एकराचं एक्सेल करतोय ते विसरा, (२) पंचवीस-तीस वर्षं जमीन डोळ्याने फक्त बघायची, (३) सलग तुकडा लागतो, म्हणजे पाचही भावंडांच्या सह्या, आणि आमच्याकडे एका आत्याच्या सहीला आठ महिने लागले. नदीकाठचं काळं रान पॅनेलखाली घालणं मला तरी पाप वाटतं. माळ असेल तर ठीक.

---

बाजारभाव

माळावर पण माणसंच आहेत ना? मघाशी अण्णांसाठी रडणारे माळावरच्या दोघांबद्दल गप्प कसे?

---

बिनपगारी_दिवाणजी

(पाडव्यानंतर) मंडळी, उशीर झाला, माफी. सगळं उरकलं तसं सांगतो.

आधी भावंडांशी व्हिडिओ कॉल. मी अण्णांची पिशवी कॅमेऱ्यासमोर उलटी केली, बिलं टेबलावर पसरली. ठाण्याची बहीण म्हणाली, हे एवढं आपण का नाही केलं? कुणीच उत्तर दिलं नाही. पुतण्या म्हणाला भावनिक होऊ नका, मग मी अण्णांचा हिशोब त्याच्याच एक्सेलमधे घालून त्यालाच दाखवला, शेवटच्या रकान्यात साडेबारा हजार बघून तो म्हणाला, एवढ्यात कोण करेल. तेच तर म्हणतोय बाबा.

अण्णांचा दर ३४ हजार ठरला. ते ३३ वर आले होते, मी ३५ वर, मधे त्यांच्या मुलाने चहा आणला आणि ३४ झाले. मुदत चार वर्षं. पाईप आणि ठिबक अण्णांचं असं स्वच्छ लिहिलं, आणि रान सोडायची वेळ आली तर त्या दिवशीची किंमत पाच पंच बसून ठरवतील, ती पुढच्या खंडकऱ्याने द्यायची, त्याने नाही दिली तर आम्ही. नुकसानभरपाई, अनुदान जे येईल ते कसणाऱ्याचं, मालकाने आठ दिवसात वर्ग करायचं, हे रान करणाऱ्या सगळ्यांच्या कागदावर आहे (@ठोक्याचा_गडी, हे तुमचं). पाचांपैकी दोघं रजिस्टर करायला तयार झाले, मी त्यातला एक. बाकी तिघांचं ५०० च्या स्टँपवर, कुळाची भीती काही गेली नाही. अण्णांचं रान निम्मं माझ्या आणि निम्मं ठाण्याच्या नावावर, म्हणून त्यांचं रजिस्टर झालं. रजिस्टर ऑफिसच्या बाहेर अण्णा टोपी नीट करून फोटोला उभे राहिले, मग अंगठा द्यायला पुढे केला आणि मागे घेतला, म्हणाले, सई येती मला.

६५ हजारवाल्याला मी फोन करून @आल्यावाला_पाटील यांनी सांगितलेली तारखेची अट सांगितली, तारखेनंतर महिन्याला एकरी सहा हजार. त्याने विचार करतो म्हटलं आणि परत फोन नाही.

आता माळ. @बाजारभाव, तुमचा टोमणा लागला, खोटं कशाला बोलू. माळाच्या सहा एकराचा सोलरसाठी अर्ज केलाय. सबस्टेशन जवळ आहे, तुकडा सलग आहे आणि आठ हजार आणि पन्नास हजार यात मी कुणाला काय समजावणार होतो. ज्वारीवाल्याने दोन दिवस भांडण केलं, शेवटी मधल्या पट्ट्यात त्याला दीड एकर दिली. घेवडेवाला भांडलाच नाही. त्याचं ऐकून घ्यायची तयारी करून गेलो होतो मी, तो एवढंच म्हणाला की पेरायच्या आधी सांगितलंत ते बरं केलं, बियाणं विकून टाकतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर दोन शेर वाघ्या घेवडा ठेवलेला होता, दरवर्षी ठेवतो तसाच. बेल वाजवली नाही त्याने. ही म्हणाली भिजत घालू का, मी म्हटलं राहू दे आज.

त्याचं अडकलेलं अनुदान मात्र मी माझ्या खिशातून देऊन टाकलं, भावाकडून येईल तेव्हा येईल.

---

खंडकऱ्याचं_पोर

अण्णांचं वाचून बरं वाटलं. वडलांना वाचून दाखवलं. त्यांनी पाच पंच कोण ते विचारलंय.

---

माहेरचा_बांध

घेवडेवाल्याला पण थोडं रान बघा ना दिवाणजी. अण्णांच्या शेजारी काही निघतं का?

---

बिनपगारी_दिवाणजी

@माहेरचा_बांध, विचारलं. अण्णा अर्धा एकर सोडायला तयार आहेत, पाणीपण देतो म्हणाले. पण तो म्हणतो घेवड्याला माळच लागतो, काळ्या रानात नुसता पाला माजतो. दसऱ्याला बघू म्हणालाय.

@खंडकऱ्याचं_पोर, दोन त्यांचे, दोन आमचे, आणि पाचवा पाईपलाईनच्या बांधावरचा शेजारी.